'आलो' की 'आले': एका सूत्रधाराची तालीम

"आलो नाही गं, आले म्हण. मी वेशीवरून आले."

त्या संध्याकाळी हे मी तिसऱ्यांदा सांगितलं. बेळगावच्या शहापूर भागातल्या एका शाळेचा हॉल, बाकं भिंतीला सरकवलेली, पत्र्यावर पाऊस. वाक्य पुन्हा सुरू झालं, "मी वेशीवरून..." आणि तिथंच थांबलं. हातातली संहिता बाकावर पालथी ठेवून कलाकाराने मला अगदी हळू सांगितलं, "बाई, हे क्रियापद माझ्या तोंडून येत नाही. दुसरं काहीतरी द्या."

मी चिडले. स्पर्धा महिन्यावर आली होती. "मराठी नाटक करायचं तर मराठी नीट बोलायला हवं," असं मी सगळ्यांसमोर बोलले. कलाकाराने मान डोलावली, 'आले' म्हणून वाक्य पूर्ण केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस तालमीला दांडी पडली.

हे प्रकरण त्या चार दिवसांपासून सुरू होतं. मंडळ हौशी, एकांकिका आमचीच लिहिलेली, दिग्दर्शन माझं, आणि सूत्रधाराचं काम या कलाकाराकडे. हे लिहायला कलाकाराची संमती आहे, आणि सगळा मजकूर आधी वाचून दाखवला आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असं बाकीचं गाळलं आहे. 'कलाकार' हा शब्द व्याकरणात पुल्लिंगी आहे, पण तो आपण बाईलाही लावतो आणि पुरुषालाही, म्हणून तो चालेल असं आमच्यात ठरलं.

घर, दुकान, शब्द

कलाकाराचं गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेचं, जंगलातलं. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या अंगाचा हा मुलूख, पाऊस लागला की दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. प्राथमिक शाळा मराठी, पुढे खानापूर, मग बेळगावात कॉलेज. घरी मराठी, बाजारात कन्नड, गोव्याकडच्या पाहुण्यांत कोकणी. जन्मदाखल्यावर लिंग 'स्त्री'. वय 23. गावात सोंगी भजनापासून सुरुवात, मग गणपतीतली नाटकं, मग आमचं मंडळ.

दिवसा नोकरी खडेबाजारातल्या साडीच्या दुकानात. ते काम मी उभं राहून पाहिलं आहे. गिऱ्हाईक बायका गादीवर बसलेल्या असतात. इरकल झटक्यात उलगडून टोपतेणी पदर आपल्या शर्टावरून खांद्यावर घ्यायचा, दोन बोटांत निऱ्या धरायच्या आणि काठ उजेडाकडे करायचा. साडीच्या दुकानात हे सगळेच विक्रेते करतात. मिशीवाले काका नवरीचा शालू खांद्यावर घेऊन उभे राहतात आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नाही. दिवसातला सगळ्यात मोकळा क्षण तो असतो, असं मला कलाकाराने एकदा सांगितलं होतं: शर्टावर पदर असतो, आणि समोरची बाई फक्त काठाचा रंग बघत असते.

स्वतःसाठी निवडलेला शब्द 'नॉनबायनरी'. म्हणजे आपण पुरुष नाही आणि स्त्रीही नाही, किंवा या दोन खान्यांपैकी एकात मावत नाही, असं आतून ठाम वाटणं. मी मराठी शब्द शोधून पाहिले. 'तृतीयपंथी' म्हटलं की गुरू-चेल्यांचं घराणं असलेला समाज डोळ्यांपुढे येतो, आणि तो शब्द त्या समाजाचा आहे. 'पारलिंगी' (ट्रान्सजेंडर) पुष्कळांना चालतो, इथं नको होता. तेव्हा नॉनबायनरी हाच शब्द राहिला. हे स्वतःचं स्वतः ठरवण्याला कायद्याचा आधारही आहे: 15 एप्रिल 2014 रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख हा ज्याच्या त्याच्या ठरवण्याचा भाग मानला. पण निकाल दिल्लीत लागतो आणि वाक्य शहापुरातल्या हॉलमध्ये म्हणावं लागतं.

चार दिवसांनंतर

पाचव्या दिवशी मी दुकानात गेले. मालकांची परवानगी घेऊन आम्ही बाजूच्या गाड्यावर चहा घेतला. रागाचा सूर नव्हताच, तो असता तर मला सोपं गेलं असतं. कलाकाराचं म्हणणं एवढंच होतं: "बाई, माझी आजी 'आलो' म्हणते. आई 'आलो' म्हणते. गावातल्या सगळ्या बायका 'मी जातो, मी आलो'च म्हणतात. घरात मला या बाबतीत कुणी कधी हटकलं नाही. 'आले' आधी शाळेनं शिकवलं, आता तुम्ही शिकवताय."

मी गप्प झाले. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बायका सर्रास 'आलो, गेलो, करतो' म्हणतात. माझी आईही जन्मभर तसंच बोलली. मी शिकायला पुण्यात गेले, वर्गात हसणं झेललं, आणि 'आले, गेले' पक्कं करून परत आले. तीस वर्षं मी माझ्या विद्यार्थिनींच्या तोंडातलं 'आलो' खोडत आले आहे. त्याला मी शुद्ध भाषेची सेवा समजत होते. एका माणसाला नेमकी जी जागा आपल्या आईच्या बोलीने न मागता दिली होती, ती मी शुद्धतेच्या नावाखाली काढून घेत होते. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ती, आणि ती माझी.

त्या रात्री आम्ही दोघांनी संहिता समोर घेतली आणि शिसपेन्सिलीने क्रियापदांखाली रेघा मारत गेलो. मराठी शिकवणाऱ्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा मराठीचं व्याकरण अंगाला लागलं.

'मी पाणी आणलं' या वाक्यात बोलणारा कोण ते कळत नाही, क्रियापद पाण्याच्या मागे जातं. 'मी भाकरी खाल्ली', 'मी दार उघडलं', 'मी पत्रं वाचली', सगळी मोकळी. 'मला वाटतं', 'मला जायचंय', 'मी येईन' हीसुद्धा मोकळी. 'आम्ही आलो' तर सगळ्यांचंच. पण 'मी उठले, बसले, पळाले, थकले, हसले' म्हटलं की लगेच लिंग चिकटतं. साध्या वर्तमानकाळात तर सुटकाच नाही, करतो किंवा करते. आमच्या लक्षात आलं ते असं: हाताने वस्तूला काही केलं तर भाषा माणसाला विचारत नाही, पण अंग स्वतःहून हललं की लगेच विचारते.

पहिल्या फेरीत आम्ही अडचणीची सगळी वाक्यं फिरवली. 'मी आले'च्या जागी 'मी वेस ओलांडली', 'मी थकले'च्या जागी 'अंगातलं बळ सरलं'. कागदावर सुंदर दिसत होतं, आणि दुसऱ्या दिवशी तालमीत उभं केलं तर सूत्रधार घाबरट वाटायला लागला. चालत नाही, बसत नाही, हसत नाही, नुसत्या वस्तू हाताळतो. तीन तालमी घालवल्यावर कलाकारानेच तो प्रयोग बंद करायला सांगितला: "लपून बोलल्यासारखं होतंय." चुकवाचुकवी हा तोडगा नव्हता. आम्ही 'आलो' परत आणलं, प्रत्येक जागी, उघडपणे.

कन्नडचाही विचार झाला. 'नानु बंदे' म्हणजे मी आलो आणि मी आलेही. पहिल्या पुरुषात कन्नड क्रियापद लिंग दाखवत नाही. तिसऱ्या पुरुषात 'अवनु, अवळु' आहेत, पण आदराने 'अवरु बंदरु' म्हटलं की पुन्हा भेद नाही. मराठीत आदरार्थीसुद्धा 'ते आले' आणि 'त्या आल्या' वेगळं पडतं. आमचा सूत्रधार वेशीवर उभा राहून दोन्हीकडची पत्रं वाचून दाखवणारा. म्हणून त्याच्या तोंडी दोन-तीन कन्नड वाक्यं बसली आणि चांगली बसली. बेळगावात मराठी रंगमंचावर कन्नड वाक्य येणं ही साधी गोष्ट नाही. 1956 साली बेळगाव कन्नड राज्यात गेलं, तेव्हापासून इथं भाषा हा जखमेचा विषय आहे. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी त्यावरून दोन दिवस अबोला धरला, आणि त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. वाक्यं राहिली.

याच सुमारास मी माझ्या हुशारीने एक रूपक पुढे केलं होतं. सीमेवरचं गाव आणि दोन लिंगांच्या मधला सूत्रधार, किती छान जुळतं, असं मी म्हटलं. कलाकाराला ते अजिबात पटलं नाही. "सीमेवरच्या गावाला एका बाजूला जायचंय, बाई. त्यासाठी माणसं लढलीत. मला कुठंच जायचं नाही. मी मधे अडकलेलं काही नाही, मी जिथं आहे तिथंच आहे." ते रूपक मी संहितेतून काढलं, आणि माहितीपत्रकातूनही.

"बालगंधर्व होतेच की"

विरोध असा मोठा झाला नाही. झाली ती समजूत, आणि ती समजूत जास्त अवघड होती. कार्यकारिणीत विषय निघाला तेव्हा एक काका प्रेमाने म्हणाले, "यात नवीन काय? आपल्याकडे बालगंधर्व होतेच की."

होतेच. हा जिल्हा तर त्या परंपरेच्या उगमाशी आहे. 1880 साली 'शाकुंतल' रंगमंचावर आणून संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, 1905 साली शकुंतला म्हणून उभे राहिले, आणि पुढे बायका त्यांच्याकडे बघून नऊवारी नेसायला, गजरा माळायला शिकल्या. बिळगीच्या गोहरबाईंनी त्यांच्या गाण्याचा ध्यास घेतला, पुढे त्यांच्याच मंडळीत स्त्रीभूमिका केल्या. म्हणजे एका बाईने रंगमंचावरचं बाईपण एका पुरुषाकडून घेतलं. मला हे सगळं फार मोलाचं वाटतं. माझ्या आजोबांनी बालगंधर्वांचं गाणं ऐकलं होतं, ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

पण स्त्रीपार्टी नटाचा करार स्पष्ट होता. रंग पुसला की तो घरचा कर्ता पुरुष. रंगमंचावर काय वाटेल ते हो, उतरल्यावर आपल्या खान्यात परत जा. ज्यांच्याबाबत लोकांना तो करार धूसर वाटला, त्यांचं काय झालं तेही आपण पाहिलं आहे. कोल्हापूरचे गणपत पाटील तमाशापटांत नाच्या इतका अस्सल उभा करत, की बायकामुलं असलेल्या त्या माणसाकडे लोक आयुष्यभर संशयाने बघत राहिले. आमच्या कलाकाराला रंगमंचावर वेगळं काही व्हायचंच नव्हतं. रंग पुसल्यावर जे आहे तेच घेऊन प्रकाशात उभं राहायचं होतं. स्त्रीपार्टाच्या परंपरेला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता, त्यामुळे तिच्याकडे उत्तर नाही.

दुसरी परंपरा सौंदत्तीची, आणि तिची सावली घरावर पडली होती. डोंगरावरच्या यल्लम्माला वाहिलेले, पुरुष म्हणून जन्मलेले जोगप्पा, डोक्यावर देवीचा जग म्हणजे मूर्तीची टोपली, हातात चौंडकं, अंगावर साडी. त्यांच्या कलेला आता मान मिळू लागला आहे. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्यांना पद्मश्री मिळाली. पण खेड्यातल्या आईला पद्मश्री दिसत नाही, तिला जट दिसते, देवीचं बोलावणं समजला जाणारा केसांचा गुंता. लेकीने केस कापले, शर्ट घालायला सुरुवात केली, लग्नाला नाही म्हटलं, तेव्हा आईने पहिलं काय केलं असेल तर झोपेत तिच्या डोक्यावरून हात फिरवून जट आली आहे का ते चाचपलं. (हे 'लेक' आणि 'तिच्या' आईच्या तोंडचं आहे, तसंच ठेवायला मला सांगण्यात आलं.) देवीला सोडण्याविरुद्ध कर्नाटकात 1982पासून कायदा आहे, आईला तो माहीत होता, आणि तरी भीती होती: मूल देवीने मागितलं तर घरातून जाणार.

आईची भीती मूर्खपणाची नव्हती. तिच्या ओळखीच्या जगात बाईपणा-पुरुषपणाच्या बाहेरच्या माणसाला दोनच जागा होत्या, देवीच्या दारात किंवा टिंगलीत. घरात राहून, दुकानात कामाला जाऊन, महिन्याला पैसे पाठवून कुणी असं असू शकतं, याचं उदाहरण तिने पाहिलंच नव्हतं. तिला समजवायला मी जाऊ का, असं मी विचारलं. नको, असं उत्तर आलं. "तुम्ही गेलात तर ती पदर सावरून बसेल आणि सगळ्याला हो म्हणेल. मला तिचं हो नकोय. तिला नाटक बघू दे."

खोली, रकाना, गुण

व्यवहाराच्या गोष्टी. कपडे बदलायला थिएटरात दोन खोल्या असतात. एका मुलीच्या आईने विचारणा केली, तिच्या जागी मीही केली असती. आम्ही विंगेत दोरी बांधून जुन्या साड्यांचा आडोसा केला, आणि त्या एकांकिकेत झटपट बदल असलेले सगळेच नट तिथं बदलू लागले. प्रश्न मिटला.

वेश ठरवायला तर काहीच वेळ लागला नाही. पांढरा शर्ट, पँट, आणि खांद्यावर एक उलगडलेली इरकल, दुकानातल्यासारखी. पत्र वाचताना ती घडी होऊन हातावर येते, पाणी आणताना तिची चुंबळ होते, पूर येतो तेव्हा ती रंगमंचभर पसरते. ही सगळी कल्पना कलाकाराची. मी फक्त हो म्हटलं.

स्पर्धेच्या अर्जावर मात्र अडलं. अभिनयाची पारितोषिकं दोन, पुरुष आणि स्त्री, आणि प्रत्येक नावापुढे खूण करायची. हा प्रश्न जगभर चालू आहे. बर्लिन चित्रपट महोत्सवाने 2021पासून अभिनयाचे पुरस्कार लिंगभेदाशिवाय द्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारांत 2023 साली जे. हॅरिसन घी आणि अ‍ॅलेक्स न्यूएल या उघडपणे नॉनबायनरी असलेल्या दोघांनी 'अभिनेता' गटातली पारितोषिकं घेतली, आणि त्याच वर्षी जस्टिन डेव्हिड सुलिव्हन यांनी दोन्ही गट नाकारून स्पर्धेतून नाव काढून घेतलं. म्हणजे तिथंही एकच उत्तर नाही. आमच्या कार्यकारिणीत कुणी सुचवलं, की तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या 2019च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय आणली आहे, ते जोडावं. त्यावर कलाकाराने विचारलं, "सूत्रधाराचं काम करायला दाखला कशाला?" आणि कुणाकडे उत्तर नव्हतं. आम्ही रकाना कोरा ठेवला. संयोजकांकडे कुणीतरी फोटो बघून 'स्त्री'वर खूण केली. आम्हाला ते छापील पत्रकात दिसलं. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

प्रयोग चांगला झाला. परीक्षकांनी वेश आणि हालचालींचं भरभरून कौतुक केलं आणि भाषाशुद्धीचे गुण कापले. शेरा असा: सूत्रधाराच्या भूमिकेतील अभिनेत्रीच्या वाक्यांत लिंगवचनाच्या चुका. परतीच्या टेम्पोत कुणी बोलत नव्हतं. मी तो कागद कलाकाराला दाखवायचा नाही असं ठरवलं होतं, पण तो आधीच वाचून झाला होता. "बाई, परीक्षक पुण्याचे होते काय?" एवढंच विचारलं गेलं. होते. मला त्या शेऱ्याचा आजही त्रास होतो, कारण दोन महिन्यांपूर्वी त्या खुर्चीत मी असते तर तोच शेरा मी लिहिला असता.

यात्रेतला प्रयोग

त्यानंतर खानापूर भागातल्या एका गावातून यात्रेसाठी बोलावणं आलं. कलाकाराच्या गावापासून जवळच. जायचं की नाही हे मी पूर्णपणे त्यांच्यावर सोडलं (लिहिताना 'त्यांनी, त्यांना' वापरायला आम्हाला सोपं जातं, त्यात लिंग नाही. समोरासमोर मी 'तू' म्हणते आणि नावाने हाक मारते). जायचं ठरलं. फलकावर फक्त नावाचं अर्धं रूप घातलं, ज्यावरून काही कळत नाही. माहितीपत्रकात ओळखीबद्दल एक शब्द नाही. गावात सांगायचं की नाही, केव्हा, कुणाला, हा निर्णय दिग्दर्शकाचा नसतो.

देवळासमोर मांडव, पुढे ताडपत्रीवर बायका-पोरं. आजी आणि आई पहिल्या रांगेच्या कडेला. प्रयोगाआधी आजीने मांडवामागे येऊन हाक मारली, "आलं काय माझं लेकरू?" लेकरू आलं, लेकरू जेवलं. आजीच्या तोंडी ते नपुंसकलिंग लाडाचं आहे. शेजारच्या कोकणीतही लग्नाच्या आधीच्या मुलीला 'तें' म्हणतात. तेच दुसऱ्या कुणी म्हटलं तर हिणवल्यासारखं होतं, म्हणून तो हक्क एकट्या आजीचा.

सूत्रधार मांडवात शिरला. खांद्यावर इरकल, पहिलं वाक्य, "मी वेशीवरून आलो." मी विंगेतून नटाकडे न बघता बायकांकडे बघत होते. एकीच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. कुजबुज नाही, कोपरखळी नाही. ज्या क्रियापदावर आमची तालीम मोडली होती, ज्याचे गुण कापले होते, ते त्या ताडपत्रीवरच्या बायकांच्या कानाला लागलंच नाही. पुढच्या वाक्याची त्या वाट बघत होत्या. पुराच्या प्रसंगात साडी पसरली तेव्हा एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "इरकल हाय बघ अस्सल."

प्रयोगानंतर आई रंगपटात आली. रंगपट म्हणजे देवळाची ओसरी. माझ्याशी दोन शब्द बोलली, चहा नको म्हणाली. कलाकाराचा हात साडीच्या घड्या घालण्यात गुंतला होता. आईने न विचारता दुसरं टोक हातात घेतलं. दोघांनी मधे ताण देऊन साडी झटकली, काठावर काठ आणला, पुन्हा झटकली. कुणी काही बोललं नाही. घडी पूर्ण झाल्यावर आईने ती उलटीपालटी करून बघितली, एका ठिकाणी चिखल लागला होता तो पदराच्या टोकाने पुसला, आणि पिशवीत ठेवली.

मग चपला पायात सरकवत ती माझ्याकडे वळली.

"येतो बाई," म्हणाली, आणि आजीचा हात धरून पायऱ्या उतरली.